पहिला कारीगर जायच्या आधी दुसऱ्याला बोलवा: मोजक्या पैशात घराचं काम काढताना

मागच्या दिवाळीनंतर आम्ही इंदूरच्या घराचं काम काढलं. सुदामा नगरमधलं जुनं घर, माझ्या सासऱ्यांनी चाळीसेक वर्षांपूर्वी बांधलेलं, खाली कोटा फरशी, दोन बाथरूम, एक लांबोडकं किचन आणि भिंतीत तेव्हाची वायरिंग. हातात एकूण ६ लाख, त्याच्यावर एक रुपया काढायची सोय नव्हती, आणि सगळं काम एकहाती घेणारा ठेकेदार परवडत नव्हता म्हणून कारीगर वेगवेगळे धरले. तोडफोडवाले, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, टाईल्सचे मिस्त्री, सुतार आणि पुताईवाले (रंगारी). सहा जणांच्या सहा तऱ्हा, सहा मोबाईल नंबर आणि मध्ये मी.

आधी मला वाटायचं की कारीगर चांगला मिळाला म्हणजे झालं. पण आमचे कारीगर चांगलेच होते तरी पैसे वाया गेले, आणि ते कुठे गेले हे नीट सांगते कारण बाकी सगळं त्याच्यावरच आहे.

बाथरूममधलं डायव्हर्टर, म्हणजे पाणी शॉवरकडे किंवा नळाकडे वळवणारा भाग, भिंतीच्या आत बसतं. त्याच्यावर प्लास्टिकचं कव्हर असतं आणि त्या कव्हरवर दोन खुणा असतात, टाईल लागून तयार झालेली भिंत त्या दोन खुणांच्या मध्ये यायला हवी. आमच्या प्लंबरने ते विटेची भिंत बघून बसवलं, त्याच्या हिशेबाने अगदी बरोबर. मग मिस्त्री आले, त्यांनी ओळंबा धरला तर भिंत एका बाजूला पाऊण इंच बाहेर, म्हणून त्यांनी प्लास्टर चढवून ती सरळ केली, त्यावर टाईलचा मसाला, त्यावर टाईल, आणि डायव्हर्टर इतकं आत गेलं की वरची प्लेट लागेचना. त्या मॉडेलला एक्स्टेंशन मिळत नव्हतं. प्लंबर म्हणाला, "भाभी, मैंने तो सही लगाया था." मिस्त्री म्हणाले, "मैंने दीवार सीधी की है." दोघंही खरं बोलत होते. तीन नव्या टाईल्स फोडल्या, तेवढ्या भागाचं वॉटरप्रूफिंग परत केलं आणि दोन्ही मजुऱ्या आम्ही भरल्या.

म्हणजे चूक प्लंबिंगमध्ये नव्हती आणि टाईल्समध्येही नव्हती, ती दोन कामांच्या मध्ये होती आणि तिथे कोणीच उभं नव्हतं. एकहाती ठेकेदार जास्त पैसे घेतो ते याच उभं राहण्याचे घेतो. आपल्याला ते पैसे वाचवायचे असतील तर तिथे आपण उभं राहायचं.

त्या दिवसापासून मी एक नियम केला. कुठल्याही कारीगराने सामान आवरायच्या आधी पुढचा कारीगर येऊन काम बघणार, दोघं एकाच वेळी एकाच खोलीत, अर्धा तास. प्लंबरचे पाईप मिस्त्री बघणार, इलेक्ट्रिशियनचे बोर्ड सुतार बघणार, सुताराचं काम संपताना पुताईवाला येणार. पुढच्याचा त्या दिवशी हजेरीचा (दिवसाच्या मजुरीचा) खाडा होतो म्हणून त्याला येण्याचे २०० रुपये आणि चहा-पोहे द्यायचे, माझ्या मते सगळ्या बजेटमधला हाच सगळ्यात चांगला लागलेला पैसा. आणि मागच्याचा हप्ता पुढच्याने "ठीक है" म्हटल्यावरच सुटणार, हे दोघांनाही काम धरतानाच सांगून ठेवायचं, मधेच सांगितलं तर वाद होतात.

पैसे आधी बाजूला, मग वाटणी

६ लाखांतले १५ टक्के म्हणजे ९० हजार आम्ही पहिल्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाकले आणि कोणाला सांगितले नाहीत, कारागिरांना तर नाहीच पण घरातही नाही, कारण पैसे आहेत हे कळलं की टाईल महाग आवडायला लागते. जुन्या घरात फोडल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही, ते पैसे त्याच्यासाठी. उरलेले ५ लाख १० हजार असे वाटले: दोन्ही बाथरूम आणि किचनचं प्लंबिंग, तोडफोड, वॉटरप्रूफिंग मिळून १ लाख ४० हजार, वायरिंगला ८५ हजार, टाईल्स आणि मिस्त्री १ लाख ३५ हजार, सुतारकाम ९० हजार, पुताई ६० हजार. तुमचे आकडे वेगळे असतील पण क्रम हाच ठेवा असं मी म्हणेन, आधी भिंतीच्या आतलं, मग भिंतीवरचं. पाईप, वायर, वॉटरप्रूफिंग हे परत करायचं तर टाईल फोडावी लागते, आणि कपाटाला लॅमिनेट दोन वर्षांनी लावलं तरी काही बिघडत नाही. आम्ही ड्रॉइंग रूमचं पीओपीचं काम सरळ यादीतून काढून टाकलं आणि ते पैसे वायरिंगमध्ये घातले.

वाचवायचं असेल तर जुन्यातलं चांगलं काय आहे ते बघा. इंदूरच्या त्या काळातल्या घरांत कोटा फरशी असते, ती काळपट दिसते म्हणून लोक उखडून टाकतात, पण मशीनने पॉलिश केली की ती अशी निघते की पाहुणे विचारतात नवीन का, आणि खर्च नव्या टाईलच्या मानाने फारच कमी. आम्ही तीन खोल्यांची फरशी ठेवली. दरवाजांच्या सागवानी चौकटी पण ठेवल्या, फक्त घासून पॉलिश. टाईलवर टाईल लावूनही तोडफोड आणि मलब्याचा खर्च वाचतो, पण त्याने जमीन अर्धा-पाऊण इंच वर येते, दरवाजे खालून तासावे लागतात आणि बाथरूमचा उंबरठा खाली राहिला तर पाणी बाहेर येतं, तेव्हा सुताराला विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

दर ठरवताना

सामान आपलं आणि मजुरी त्यांची, हे कमी बजेटला बरं पडतं, फक्त पळापळ आपली. मजुरी स्क्वेअर फुटावर की हजेरीवर हा प्रश्न येतोच. टाईल, प्लास्टर, पुताई स्क्वेअर फुटावर द्या, तोडफोड आणि किरकोळ दुरुस्ती हजेरीवर द्या पण रोज संध्याकाळी काय झालं ते बघून. आणि दर लिहिताना ज्या गोष्टींवर नंतर भांडण होतं त्या आधीच लिहा. स्कर्टिंग (भिंतीच्या तळाशी लागणारी टाईलची पट्टी) रनिंग फुटात मोजणार की स्क्वेअर फुटात, खिडकी-दरवाजाची जागा प्लास्टर आणि पुताईच्या मापातून वजा होणार की नाही, टाईलच्या कडेचं मोल्डिंग वेगळं का, सामान वर चढवायची हमाली कोणाची, वायरसाठी भिंतीत झिरी मारल्यावर ती बुजवायची कोणी. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे, इलेक्ट्रिशियन म्हणतो मिस्त्री बुजवेल, मिस्त्री म्हणतो माझ्या दरात नाही, आणि महिनाभर भिंतीला उघड्या खाचा. एका वहीच्या पानावर साध्या हिंदीत लिहून दोघांच्या सह्या घ्या, फोटो काढून त्याला व्हॉट्सॲपवर पाठवा, एवढा कागद पुरतो.

मलबा कोण टाकणार हेही त्याच पानावर. इंदुरात रस्त्यावर मलबा टाकून ठेवला तर महापालिका दंड करते. देवगुराडियाला महापालिकेचा मलब्यावर प्रक्रिया करायचा प्लांट आहे, इंदूर ३११ ॲपवरून उचलण्यासाठी सांगता येतं. आम्ही पोती भरून आत चौकात रचून ठेवायचो आणि एका खेपेचं झालं की गाडी बोलवायचो. जुने नळ, लोखंडी ग्रिल, तांब्याची वायर मलब्यात जाऊ देऊ नका, भंगारवाल्याला द्या.

ॲडव्हान्स म्हणून मी कोणालाही मजुरीच्या १० टक्क्यांवर दिलं नाही. पुढे कामाच्या टप्प्यांवर पैसे, आणि शेवटचे १० टक्के पंधरा दिवस वापरून पाहिल्यावर. पण हेही सांगते, जे ठरलंय ते शनिवारी संध्याकाळी हातावर ठेवायचंच, उद्या-परवा करायचं नाही. मजुरी अडकवून ठेवली की कारीगर दुसरी साईट धरतो, आणि त्याच्यासोबतचा मजूर तर त्या पैशावरच घरी जातो.

सगळ्यांची एकच रेघ

आता जे सांगतेय ते एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी शिकवलं. तोडफोड झाल्यावर पहिल्या दिवशी पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन घरभर एक लेव्हल काढायची, तयार जमिनीपासून बरोबर १ मीटरवर. दोन माणसं नळीची दोन टोकं धरतात, पाणी थांबलं की खूण, मग नीळ लावलेला दोरा दोन खुणांवर ताणून मध्ये धरून सोडायचा की भिंतीवर निळी रेघ उठते. सगळ्या खोल्यांत, बाथरूममध्ये, किचनमध्ये. मग प्रत्येकाने माप त्या रेघेवरूनच घ्यायचं. स्विचबोर्ड रेघेच्या किती वर, किचनचा ओटा रेघेच्या किती खाली, नळाचा पॉइंट किती. नाहीतर इलेक्ट्रिशियन जुन्या फरशीवरून मोजतो, प्लंबर फोडलेल्या जमिनीवरून मोजतो, सुतार नव्या टाईलवरून, आणि तिघांत दोन-तीन इंचांचा फरक पडतो. आमच्याकडे ती रेघ पहिल्या बाथरूमनंतर मारली, आधी मारली असती तर बरं झालं असतं.

रेघेसोबतच भिंतीवर खडूने खऱ्या मापाचं चित्र काढा. फ्रिज इथे, गीझर इथे, बेसिन इथे, पलंगाची उशी इथे. कागदावरचा नकाशा कारीगर दोनदा बघतो, भिंत रोज बघतो. आईंनी (सासूबाईंनी) खडूचं बेसिन बघून लगेच सांगितलं की एवढ्या उंचीवर माझे हात पोचणार नाहीत, ते तेव्हा कळलं म्हणून फुकटात खाली आलं.

कोण कधी येणार

आधी तोडफोड, मग प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन भिंतीच्या आतलं काम करणार, मग झिऱ्या बुजवून प्लास्टर, मग वॉटरप्रूफिंग, मग टाईल, ओटा, सुतारकाम, पुट्टी आणि पुताईचा पहिला हात, मग नळ-स्विच-पंखे लावणं आणि शेवटी पुताईचा शेवटचा हात. सुतार आत असताना रंगाचा शेवटचा हात कधीच मारून घेऊ नका, भुसा ओल्या रंगात बसतो.

घरात राहूनच काम करायचं असेल तर एका वेळी एकच बाथरूम फोडा, एक खोली पूर्ण बंद ठेवा जिच्यात कपडे, कागदपत्रं आणि म्हाताऱ्यांचा पलंग.

भिंत बंद व्हायच्या आधीचा दिवस मात्र अख्खा त्याच कामाला द्या. प्लंबरला पंप लावून पाईपात प्रेशर धरायला सांगा, सगळी तोंडं बंद करून, आणि प्रेशरचा काटा काही तास तिथेच राहतो का ते स्वतः बघा. इलेक्ट्रिशियनकडून प्रत्येक पॉइंटला हिरवी अर्थिंगची वायर आलीय का ते बघा, आमच्याकडे जुनी ॲल्युमिनियमची वायर निघाली आणि बाथरूमच्या सॉकेटला अर्थिंगच नव्हतं, इतकी वर्षं तिथे गीझर चालत होता हे कळल्यावर मला रात्री झोप लागली नाही. लाईटला १.५, साध्या प्लगला २.५ आणि गीझर-एसीला ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, आणि बोर्डात ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारं स्विच), यात एक पैसा वाचवू नका. एसी वाढवणार असाल तर वीज कंपनीकडे मंजूर लोड किती आहे तेही बघून घ्या. मग प्रत्येक भिंतीचे फोटो, भिंतीला मापाची टेप लावून, म्हणजे पाईप कोपऱ्यापासून किती इंचांवर आहे ते फोटोतच दिसतं.

वॉटरप्रूफिंग झालं की ड्रेन बंद करून बाथरूममध्ये पाणी भरा आणि किमान ४८ तास तसंच ठेवा, खालच्या छताला आणि बाजूच्या भिंतीला हात लावून बघा. याच्यात घाई करायला सगळे सांगतात, मिस्त्री रिकामे बसतात ना, पण टाईल लागल्यावर गळती सापडली तर बजेट तिथेच संपतं. टाईल लावतानाही उतार जाळीकडे आहे का ते टाईल मसाल्याशिवाय नुसती मांडून पाणी टाकून बघा, मीटरला १०-१५ मिलिमीटर पुरतो.

टाईलची खरेदी एका दमात करा. इथे बहुतेक माल मोरबीचा येतो, प्रत्येक बॉक्सवर बॅच आणि शेड नंबर छापलेला असतो, सगळे बॉक्स एकाच नंबरचे घ्या, मापापेक्षा १० टक्के जास्त, आणि न उघडलेले बॉक्स परत घेणार हे बिलावरच लिहून घ्या. टाईलच्या फटींत ग्राउट भरायच्या आधी प्रत्येक टाईल नाण्याने ठोकून बघा, पोकळ आवाज आला की तिथे खूण, तेव्हा काढणं सोपं असतं. हार्डवेअर आणि रंग आम्ही सियागंजमधून घेतले, वायर-स्विच महाराणी रोडवरून, कॉलनीच्या दुकानापेक्षा फरक पडला, पण किरकोळ खिळे-सोल्यूशनसाठी कॉलनीतलंच दुकान बरं, पाईपाच्या एका टी-जोडासाठी शहरात गेलं की मिस्त्रीचा अर्धा दिवस जातो. बिल पक्कं घ्या. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झालाय, कोणी जुना हिशेब सांगत असेल तर तिथेच विचारा. प्लायवूड ओट्याखाली आणि बाथरूमजवळ आयएस ७१० शिक्क्याचं (पाण्याला टिकणारं), बाकी बेडरूमच्या कपाटाला साधं चालतं.

सिमेंटच्या कामाला पाणी मारायची जबाबदारी कोणाची हे ठरवा, नाहीतर कोणीच मारत नाही. आजकाल मिळतं ते बहुतेक पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट, ओटा, बीम, स्लॅब असल्या काँक्रीटच्या कामाला निदान १० दिवस, आणि प्लास्टरला आठवडाभर तरी. आमच्याकडे नर्मदेचं पाणी दिवसाआड, म्हणून दोन ड्रम बोरिंगचं पाणी फक्त तराईसाठी, म्हणजे हे पाणी मारण्यासाठी, भरून ठेवायचो आणि सकाळ-संध्याकाळ बाबाच (सासरे) पाईप घेऊन उभे राहायचे, त्यांनी ही भिंत पहिल्यांदा पण अशीच भिजवली होती.

आता कॅलेंडर. इंदूरला काम काढणाऱ्याने भगोरिया विसरला तर गणित चुकतं. बरेच मजूर झाबुआ, अलीराजपूर, धार या भागांतले असतात, होळीच्या आधीच्या आठवड्यात भगोरियाचे हाट भरतात तेव्हा ते गावी जातात आणि होळी-रंगपंचमी करूनच परत येतात. त्यांना थांबवायचा प्रयत्न करू नका, तो त्यांचा वर्षाचा सण आहे. आम्ही प्लास्टर त्याच्या आधी संपवलं, ते लोक गेले तेव्हा भिंती वाळत होत्या, नव्या प्लास्टरला रंगाच्या आधी तसेही चारेक आठवडे लागतात, आणि त्या शांत दिवसांत सुतार आणि इलेक्ट्रिशियनने आपलं काम केलं. ते आल्यावर पुताई सुरू झाली आणि अक्षय तृतीयेला घर आवरून झालं. पावसाळ्यात काम काढू नका, भिंती वाळत नाहीत आणि नदीतून रेती काढायला बंदी असते म्हणून रेतीचा भाव चढतो. दिवाळीच्या आधीच्या महिन्यात पुताईवाले मिळत नाहीत, मिळाले तर घाईत असतात.

शेवटचा हिशेब करताना सगळे नळ एकदम उघडा, गीझर आणि एसी एकदम लावा, प्रत्येक दरवाजा उघड-बंद करा, बाथरूममध्ये बादली ओता आणि पाणी कुठे थांबतं ते बघा. जे सापडेल त्याची यादी ज्याची त्याला द्या. आमच्या ९० हजारांतले ७२ हजार गेले, डायव्हर्टर त्याच्यातच, आणि सगळ्यात मोठा खर्च बाथरूमच्या खालची जुनी गळकी लाईन बदलण्याचा. उरलेल्या १८ हजारांत गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घेतलं.

रंगाचे शेड नंबर, टाईलचा बॅच नंबर आणि उरलेला एक बॉक्स टाईल्स माळ्यावर ठेवलाय. भिंतींचे ते टेप लावलेले फोटो छापून मीटरच्या बॉक्सच्या दाराला आतून चिकटवले. मे महिन्यात वॉटर फिल्टर लावायला एक मुलगा आला, त्याने ओट्यावरच्या भिंतीला ड्रिल टेकवलं होतं, मी त्याला थांबवून फोटो दाखवला, त्याने टेपवर बोट ठेवून मोजलं आणि चार इंच डावीकडे सरकून भोक पाडलं.